हात आत कधी घालायचा, मागे कधी घ्यायचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: बारा दिवसांपूर्वी त्यांनी दुकानातून चार महिन्यांचा राखाडी कॉकटील (तुरा असलेला छोटा पोपट) आणला. दुकानदार म्हणाला होता, "हँडटेम आहे, माणसाच्या हाताला सरावलेला, दोन दिवसांत खांद्यावर बसेल." घरी आल्यापासून पक्षी पिंजऱ्याच्या कोपऱ्याला चिकटून असतो, हात आत गेला की सापासारखा फुसकारतो, आणि परवा त्याने नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटातून रक्त काढलं. सवय व्हावी म्हणून ताई रोज वीस मिनिटं हात पिंजऱ्यात धरून बसतात. सासरे म्हणतात, हा परत करा आणि गावाकडनं राघू आणा, तो तरी बोलेल. ताईंना विचारायचंय ते एवढंच: अजून किती दिवस, की पक्षीच खोडीचा आहे?

ताई, पक्षी खोडीचा नाही. उद्यापासून ती वीस मिनिटं बंद करा, बाकीचं त्यानंतर.

अठरा वर्षं मी कॉकटील, बजरीगर आणि कोनूर असे छोटे पोपट पाळतेय, आणि गेली दहा वर्षं लोकांच्या घरी जाऊन बिथरलेले पक्षी रुळवून देतेय. कोल्हापुरात ज्या दारात जाईन तिथे हे वाक्य ऐकायला मिळतं: "सवय व्हावी म्हणून हात घालून ठेवतो." पोहायला शिकवायला पोराला रंकाळा तलावात ढकलून द्यावं तसला हा प्रकार. आठवडाभर हात तसाच ठेवलात तर तो फुसकारायचा थांबेलही. दांडीवर पुतळ्यासारखा बसेल, पिसं अंगाला चिकटलेली, डोळे मोठे, श्वास भरभर. लोक म्हणतात, "बघा, शांत झाला." शांत कुठला? ओरडून उपयोग नाही एवढं त्याला कळलंय. असे गप्प झालेले पक्षी मी पाहिलेत, आणि फुसकारणाऱ्या पक्ष्यापेक्षा त्यांना परत माणसात आणायला दुप्पट वेळ लागतो.

त्याच्या बाजूने बघा. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियातला. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे दोन लिंबांएवढं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कारण त्याला कोण खायला येतंय हे आधी दिसायला हवं. अशा जिवावर वरून पाच बोटांचा पंजा खाली येतो, तेव्हा त्याच्या लेखी ती घारच. रंकाळ्यावर घिरट्या घालतात ना, तसली. म्हणून हात कधीही वरून नाही, मागून नाही. समोरून, त्याच्या छातीच्या खालच्या उंचीवर, आणि हळू.

आता तो काय बोलतोय ते ऐकायला शिका. बोलतो तो तुऱ्याने. तुरा मागे सपाट दाबलेला, मान पुढे, चोच अर्धी उघडी आणि फुसकारा, म्हणजे "जवळ येऊ नको." तुरा काठीसारखा ताठ उभा, म्हणजे काहीतरी नवीन दिसलंय किंवा दचकलाय. तुरा अर्धवट, सैलसर, टोक जरा वर वळलेलं, ही त्याची निवांत अवस्था, आणि तुमचं सगळं काम या अवस्थेत व्हायला हवं. संध्याकाळी एका पायावर बसून चोच कुरकुर घासायला लागला की घाबरू नका. तो आवाज झोपेआधीच्या समाधानाचा. ज्या दिवशी तुम्ही खोलीत असताना तो चोच घासेल, त्या दिवशी मला फोन करा, मी पेढे घेऊन येईन.

परवाचा चावा आधी सांगून झालेला असणार. तो आधी मागे सरकला असेल, मग तुरा दाबला असेल, मग फुसकारला असेल, मग चोच नुसती मारली असेल. चारही वेळा हात तिथेच. पाचव्यांदा त्याने रक्त काढलं, आणि हात गेला. त्याने यातून काय शिकायचं? फुसकारा वाया जातो, चावा कामाला येतो. "चावला तरी हात काढायचा नाही, नाहीतर डोक्यावर बसतो" असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मला तो पटत नाही. चाव्यापर्यंत गाडी गेलीच का, हे बघायचं. त्याने मान मागे घेतली त्या क्षणी हात मागे गेला असता तर चावायची त्याला गरजच नव्हती.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुकून शिकले. माझ्या पहिल्या कॉकटीलचे पंख दुकानातच कापून मिळाले होते, न विचारता. घरी दुसऱ्याच दिवशी तो कपाटावरून झेपावला आणि दगडासारखा शहाबादी फरशीवर आपटला. छातीच्या हाडावरची कातडी फाटली. मग औषधासाठी दिवसातून दोनदा टॉवेलात गुंडाळून धरणं आलं. जखम तीन आठवड्यांत भरली, पण पुढे आठ महिने मी केस पुसायला टॉवेल उचलला तरी तो पिंजऱ्यात धडपडायचा. त्यानंतर मी एकाही पक्ष्याचे पंख कापले नाहीत आणि कुणाला कापूही देत नाही. उडता येणारा पक्षी नको असेल तर उठून जातो. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्याकडे फक्त चोच उरते.

तर आता करायचं काय. पहिला आठवडा फक्त जागा आणि अंतर. पिंजरा भिंतीला लागून ठेवा, म्हणजे निदान एका बाजूने तो निर्धास्त. उंची साधारण तुमच्या छातीएवढी. हॉलमध्ये, जिथे माणसं बसतात तिथे, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. गॅलरीत तर अजिबात नको. मांजर, कावळे, दुपारचं ऊन, आणि पावसाळ्यात आपल्याकडची ती चार-चार दिवस न हटणारी ओल. स्वयंपाकघरापासून लांब. तांबड्या रश्श्याच्या फोडणीने आपल्याला ठसका लागतो, त्याच्या फुफ्फुसांची काय कथा. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या टेफ्लॉनमधून जो वायू निघतो, त्याने पक्षी काही मिनिटांत मरतात, माणसाला वाससुद्धा येत नाही. पक्षी असलेल्या घरात बिडाचा किंवा लोखंडी तवा, हा माझा नियम. डासांची कॉइल, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, सगळं दुसऱ्या खोलीत.

त्या आठवड्यात पिंजऱ्यापासून पाच-सहा फुटांवर बसायचं आणि आपलं काम करायचं. पेपर वाचा, मेथी निवडा, मुलाला म्हणावं तिथे बसून मोठ्याने धडा वाच. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. दोन्ही डोळे समोरून रोखणं हे शिकाऱ्याचं लक्षण. पाणी-दाणे बदलायला हात आत घालावाच लागतो, तेव्हा आधी तोंडाने सांगा, "पाणी घालते रे," दरवेळी तेच शब्द, त्याच सुरात. चार दिवसांत त्याला कळतं की या वाक्यानंतर हात येतो, वाटीला लागतो आणि जातो. पुढे काय होणार हे माहीत असलं की अर्धी भीती तिथेच संपते.

याच आठवड्यात त्याच्या वाटीतला खाऊ वेगळा काढा. त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते बघा. दहातले नऊ कॉकटील राळ्याच्या कणसावर जीव टाकतात. दुकानात ते मिलेट स्प्रे म्हणून मिळतं. वाटीत ज्वारी, बाजरी, पेलेट (पक्ष्यांचं तयार खाद्य) असू दे. राळे आणि सूर्यफूल मात्र वाटीतून बंद, ते फक्त तुमच्या हातून. उपाशी ठेवायचं नाही, हे नीट वाचा. दुकानातले काही लोक सांगतात, एक दिवस दाणा बंद करा, आपोआप हातावर येईल. एवढ्या लहान जिवाला तो खेळ जिवावर बेतू शकतो. जेवण पोटभर, फक्त मिठाई तुमच्या हातात. स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर रोज सकाळी त्याचं वजन घ्यायची सवय लावा. पहिले काही आठवडे तो काट्यावर येणार नाही, पुढे येईल. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर ते आजाराचं लक्षण धरा.

पक्षी निवांत तुऱ्याने बसायला लागला की राळ्याचं चार इंची कणीस जाळीतून आत धरा. चिमटीत अगदी टोकाला धरायचं, म्हणजे त्याची चोच आणि तुमची बोटं यांच्यात अंतर राहतं. आता सगळ्यात महत्त्वाचं ते इथेच.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मादी आली होती, तीन घरं फिरून आलेली. चौथ्या दिवशी मी कणीस धरून बसले. ती दांडीच्या दुसऱ्या टोकाला. तुरा अर्धा. तिने मान लांब केली, एक पाय उचलला, पुन्हा ठेवला. मग गालावरची पिसं आवळली आणि वजन मागच्या पायावर टाकलं. एवढंच. फुसकारा नाही, काही नाही. ज्याला माहीत नाही त्याला दिसलंही नसतं. मी कणीस दोन बोटं मागे घेतलं आणि थांबले. ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिली. पिसं सैल झाली. आणि मग ती चालत आली, तीन पावलं, आणि एक दाणा तोडून पुन्हा मागे पळाली. त्या दिवशी मी आणखी काहीच केलं नाही. कणीस ठेवलं आणि उठले.

हात मागे गेला म्हणून ती पुढे आली. नाही म्हटलेलं ज्या हाताला कळतं, त्या हाताशी पक्षी दोस्ती करतो. तुमच्या सोन्याने (मुलाने नाव छान ठेवलंय) मान मागे घेतली की हात मागे, पुढे झुकला की दाणा. दिवसातून दोन-तीन वेळा, तीन-चार मिनिटं, त्याहून जास्त नाही. सकाळी वाटी भरण्याआधीची वेळ उत्तम. आणि त्याला अजून हवं असतानाच थांबायचं. चांगली रंगलेली मैफल आवरायला जीव होत नाही हे मला कळतं, पण आवरा.

हातून खायला लागला की काडी आणा. आइस्क्रीमची लाकडी काडी चालते, टोकाला थोडी लाल टिकली लावा. काडी त्याच्यापासून दोन इंचांवर धरा. कुतूहलाने तो चोच लावणारच. चोच लागली त्याच क्षणी एक ठरलेला शब्द, मी "हां!" म्हणते, आणि लगेच राळ्याचा दाणा. दाबला की टक् वाजणारा क्लिकर मिळतो, पण जीभ टाळ्याला लावून केलेला "टॉक" त्याच कामाचा. मुद्दा क्षणाचा. तुम्ही दोन सेकंद उशीर केलात तर तोवर त्याने मान फिरवलेली असते आणि बक्षीस मान फिरवण्याला मिळतं. पाच-सहा बैठकींत तो काडीच्या मागे दांडीभर चालायला लागेल. इथे पोराचे डोळे चमकतात, कारण पक्षी पहिल्यांदा आपणहून काहीतरी करतोय.

हातावर घेणं हे याचंच पुढचं पाऊल. सगळीकडे सांगतात, पोटाला बोट दाबा म्हणजे तोल जाऊन चढेल. चढतो, खरं आहे. पण तोल घालवून चढवलेला पक्षी आणि स्वतः चढलेला पक्षी यांत मला फरक दिसतो. मी तर्जनी दांडीला लागून पुलासारखी आडवी धरते आणि काडी बोटाच्या पलीकडे. काडीपर्यंत पोचायचं तर बोटावर पाय द्यायला लागतो. पहिल्या दिवशी एकच पाय देईल आणि विचार करत उभा राहील. त्या एका पायालाही "हां!" आणि दाणा. दोन्ही पाय आले की बोट हलवायचं नाही. उचलायची घाई केलीत की आठवडा मागे. चढणं पक्कं झालं की मग "ये" हा शब्द जोडा. आधी शब्द आणि मग कृती, असं उलटं करू नका. ज्याचा अर्थच माहीत नाही तो शब्द दहा वेळा ऐकून त्याचा नुसता गोंगाट होतो.

किती दिवस? तुमच्या सोन्यासारख्या तरण्या पक्ष्याला, धाक बसलेला असला तरी, हातून खायला साधारण दोन-तीन आठवडे आणि बोटावर यायला महिना-दीड महिना धरा. तीन घरं फिरलेल्या त्या मादीला पाच महिने लागले. तुमचे बारा दिवस काहीच नाहीत.

मुलाचं मात्र जपून. बोट कापल्यावर त्याला वाटत असणार की सोन्याला मी आवडत नाही. त्याला एक काम द्या: तुऱ्याचा हिशेब. वहीत तीन चित्रं काढायची, सपाट, अर्धा, ताठ, आणि दिवसातून कधी कोणता दिसला त्याची खूण. आठ-नऊ वर्षांची पोरं हे मोठ्यांपेक्षा बारकाईने करतात, शप्पथ. दोन आठवडे त्याने हात घालायचा नाही, फक्त दाणा जाळीतून वाटीत टाकायचा आणि लांब जायचं. आणि चावल्यावर ओरडणं, चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, हे कुणीही करायचं नाही.

पिंजऱ्याबाहेर सोडायची वेळ आली की पंखा. कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये पंखा बंद ठेवणं जिवावर येतं, पण छताच्या पंख्याने गेलेले पक्षी मी इतके ऐकलेत की माझ्याकडे पक्षी बाहेर असताना बटणावर चिकटपट्टी लावलेली असते. खिडक्या बंद, काचेवर पडदा, बादलीवर झाकण, आरशावर टॉवेल. रात्री मंद दिवा ठेवा. कॉकटील अंधारात दचकून पिंजऱ्यात थडाथड आपटतात, पंख रक्तबंबाळ होतात. पेठांत राहणाऱ्यांना हे जास्त. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला आणि शाहू स्टेडियमवर आपला संघ जिंकला की रात्री उशिरापर्यंत फटाके आणि हलगी. दिवाळी, गणपती वेगळेच. त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत, तीन बाजूंनी चादर, दिवा चालू, आणि कुणीतरी जवळ बोलत बसायचं. एरवी त्याला दहा-बारा तास झोप लागते. टीव्ही मालिकांच्या वेळेत पिंजरा हॉलमध्ये असेल तर ती मिळत नाही, आणि अपुऱ्या झोपेचा पक्षी चिडका होतो.

बोलण्याविषयी. सासऱ्यांना सांगा, कॉकटील बोलण्यापेक्षा शिट्टीत हुशार, आणि त्यातही नर. मादी बहुधा गप्पच. चार महिन्यांच्या राखाडी पक्ष्यात नर-मादी ओळखू येत नाही. पहिली पिसं झडली की नराचा चेहरा पिवळाजर्द होतो, मादीच्या शेपटीखाली पट्टे राहतात. तोवर रोज सकाळी एकच छोटी शिट्टी त्याच सुरात वाजवा. शब्द शिकवायचा तर पक्ष्यासमोर दोन माणसांनी तो एकमेकांशी वापरायचा. आयरीन पेपरबर्ग यांनी अॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रे पोपटाला याच रीतीने वस्तूंची आणि रंगांची नावं शिकवली. १९७७ पासून २००७ मध्ये तो जाईपर्यंत काम चाललं होतं. आणि मिरची घातली की जीभ सुटते हे खोटं. संकेश्वरी मिरची तो आनंदाने खाईल, कारण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारवलेलं काहीही मात्र नको. मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा द्या. नुसत्या सूर्यफुलावर वाढलेल्या पक्ष्याचं यकृत चरबीने खराब होतं.

राघूचा विषय काढूच नका. राघू, मोठा करण पोपट, तोईपोपट हे आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हे. गावाकडे झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढतात त्यातली बरीचशी वाटेतच मरतात. कॉकटील परदेशी असल्याने पाळता येतो. उद्या हौस वाढून सन कोनूर किंवा आफ्रिकन ग्रे आणायचा विचार झाला, तर ते साईट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतले पक्षी. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बिल आणि कागद नसेल तर घेऊ नका.

एक शेवटचं तपासा. कोपऱ्यात बसणं हे भीतीचं असतं तसं आजाराचंही असतं. दिवसभर फुगून बसलाय, बसल्या जागी श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होतेय, विष्ठा पाणी-पाणी, डोळे अर्धे मिटलेले, यातलं काही दिसलं तर शिकवणं बाजूला ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांचं कळणारे डॉक्टर गाठा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. घरात कुणाला लांबलेला ताप-खोकला झाला तर आपल्या डॉक्टरांनाही सांगा की घरी पोपट आहे. सिटॅकोसिस नावाचा आजार पोपटांकडून माणसाला होऊ शकतो आणि तो वेळेत ओळखला तर औषधाने बरा होतो.

उद्या सकाळी वाटी भरण्याआधी राळ्याचे चार दाणे रिकाम्या वाटीत टाका आणि मागे जा. तुम्ही किती पावलांवर गेल्यावर तो खायला उतरला, तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रोज. पंधरा दिवसांनी मला ते आकडे कळवा, म्हणजे काडी कधी आणायची ते सांगते.